वाचनालयाचा स्वतःचा मेल सर्व्हर: काही पत्रं पोचतात, काही परत येतात

पुस्तकखण

नमस्कार मंडळी. तालुक्याच्या गावातल्या एका सार्वजनिक वाचनालयाचं (तालुका 'अ' वर्ग) तांत्रिक काम मी बघतो. आजवर वाचनालयाचा सगळा पत्रव्यवहार त्या त्या वेळच्या कार्यवाहांच्या खाजगी जीमेलवरून चालायचा. कार्यकारिणी बदलली की जुनी पत्रं जुन्या कार्यवाहांकडेच राहायची. एका खात्याचा तर फोन नंबरच बंद झाला, आणि अनुदानाचा दोन वर्षांचा पत्रव्यवहार त्यात अडकला तो अजून सुटलेला नाही. म्हणून रीतसर ठराव करून डोमेन घेतलं, मुंबईतल्या डेटासेंटरमधला छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घेतला आणि त्यावर डेबियन १२ (लिनक्स), पोस्टफिक्स (पत्रं घेणारा-पाठवणारा), डवकॉट (पेट्या सांभाळणारा) आणि आरस्पॅमडी (स्पॅम गाळणारा) बसवलं. आता कार्यवाह, ग्रंथपाल, बालविभाग, अभ्यासिका अशी पदांच्या नावाची खाती आहेत. माणूस बदलला तरी खातं राहतं.

एसपीएफ (आपली पत्रं कुठल्या आयपीवरून येतील), डीकिम (पत्रावरची डिजिटल सही) आणि डीमार्क (या तपासण्या फसल्या तर काय करायचं) तिन्ही रेकॉर्ड डीएनएसमध्ये (नावावरून पत्ता सांगणारी इंटरनेटची नोंदवही) आहेत. होस्टिंगच्या पॅनेलमधून आयपीला पीटीआरही (आयपीवरून नाव सांगणारा रेकॉर्ड) लावलाय. तरी दोन अडचणी आहेत.

पहिली: जीमेलला पाठवलेलं पत्र कधी पोचतं, कधी परत येतं. तोच मजकूर, तोच सभासद. सकाळी जातं, दुपारी परत येतं.

दुसरी: मासिक परिपत्रक जिल्ह्याच्या एका कार्यालयाला आणि दोन-तीन शाळांना कधीच पोचत नाही. त्याच पत्त्यांवर मी थंडरबर्ड या मेल प्रोग्राममधून हातानं पाठवलेलं पत्र मात्र व्यवस्थित पोचतं.

कुठून सुरुवात करू?

रात्रपाळी

लॉगपासून. परत आलेलं पत्र वाचून अंदाज बांधू नका. पत्र पाठवायच्या प्रत्येक प्रयत्नाची पोस्टफिक्स एक ओळ लिहितो. त्यात पत्र कोणाकडे पाठवलं, कुठल्या यंत्राशी बोलणं झालं आणि समोरच्यानं काय उत्तर दिलं, हे सगळं असतं. डेबियन १२ मध्ये आरसिसलॉग (लॉग फाइलीत लिहिणारा प्रोग्राम) आपोआप बसत नाही, त्यामुळे मेल डॉट लॉग नावाची फाइल सापडली नाही तर जर्नलसीटीएल या कमांडमधून काढा.

एकाच सभासदाची एक गेलेली आणि एक परत आलेली, अशा दोन ओळी इथे द्या. सभासदाचा पत्ता झाका. 'रिले' (समोरचं यंत्र), 'डीएसएन' (उत्तराचा क्रमांक) आणि 'स्टेटस' (निकाल) एवढ्या तीन गोष्टी दिसल्या तरी पुरे.

कोकणकडा

वाईट वाटून घेऊ नका, पण हा खटाटोप कशासाठी? आमच्या छोट्या कंपनीत आम्ही काही वर्षं स्वतःचा सर्व्हर चालवला. शेजारच्या आयपीवरून कोणी तरी स्पॅम पाठवायचं आणि अख्खा पट्टा काळ्या यादीत जायचा. कोटेशन ग्राहकाच्या स्पॅममध्ये पडलेलं आठवड्यानं कळायचं. शेवटी पैसे भरून तयार सेवा घेतली. वाचनालयाच्या माणसांनी पुस्तकांत वेळ घालवावा, सर्व्हरच्या मागे नाही, असं मला मनापासून वाटतं.

पुस्तकखण

रात्रपाळी, आभार. लॉगमधलं लिहून देतो:

गेलेलं पत्र: रिले जीमेलचा एमएक्स (पत्रं घेणारा सर्व्हर), कंसात चार आकड्यांचा साधा आयपी, डीएसएन २.०.०, स्टेटस सेंट.

परत आलेलं: रिले तोच एमएक्स, कंसात कोलनवाला लांबलचक पत्ता, डीएसएन ५.७.२५, स्टेटस बाउन्स्ड. पुढे पीटीआरबद्दल काहीतरी लिहिलंय. पण पीटीआर तर लावलाय!

कोकणकडा, तुमचं म्हणणं पटण्यासारखं आहे. कार्यकारिणीच्या बैठकीतही हाच मुद्दा निघाला होता. पण तयार सेवांचे दर बहुतेक ठिकाणी खात्यामागे असतात, आणि आम्हाला विभागवार बरीच खाती हवी आहेत. त्याहून मोठं कारण म्हणजे वाचनालयाचं इतिवृत्त आणि दाखलनोंदवही जशी वाचनालयाच्या कपाटात राहते, तसा पत्रव्यवहारही संस्थेच्या ताब्यात राहायला हवा. अनुदानाच्या फाइलचा अनुभव घेतल्यावर यावर आमच्याकडे कोणाचंच दुमत नाही.

रात्रपाळी

तुमच्या दोन ओळींतच उत्तर आहे. पीटीआर लावलाय, पण फक्त आयपीव्ही४ ला. गेलेलं पत्र आयपीव्ही४ वरून (चार आकड्यांचा पत्ता) गेलं, परत आलेलं आयपीव्ही६ वरून (कोलनवाला पत्ता). व्हीपीएससोबत हल्ली दोन्ही पत्ते मिळतात आणि जीमेलच्या एमएक्सलाही दोन्ही आहेत. पोस्टफिक्समध्ये 'एसएमटीपी अ‍ॅड्रेस प्रेफरन्स' नावाचं सेटिंग आहे, ते मुळात 'एनी' असतं. म्हणजे आधी कुठला वापरायचा हे ठरलेलं नसतं. म्हणून सकाळी जातं आणि दुपारी परत येतं. मजकुराचा यात काही संबंध नाही.

५.७.२५ चा अर्थ असा की पाठवणाऱ्या आयपीला पीटीआर नाही, किंवा पीटीआरमधलं नाव उलट फिरवून बघितलं तर त्याच आयपीवर येत नाही. दोन्ही दिशा जुळाव्या लागतात.

आता दोन वाटा आहेत. पहिली, आयपीव्ही६ नीट करायचा. पॅनेलमध्ये त्याचाही पीटीआर लावा, मेल सर्व्हरच्या नावाला एएएए रेकॉर्ड (नावावरून आयपीव्ही६ पत्ता सांगणारा) द्या, एसपीएफमध्ये तो पत्ता घाला. दुसरी, पोस्टफिक्सच्या मेन डॉट सीएफ या फाइलमध्ये 'आयनेट प्रोटोकॉल्स' फक्त आयपीव्ही४ करा आणि पोस्टफिक्स रीस्टार्ट करा. यात नुसतं रीलोड पुरत नाही. (सेटिंगांची नावं उच्चाराप्रमाणे लिहितोय. फाइलमध्ये ती रोमनमध्ये आणि दोन शब्दांमध्ये अंडरस्कोअर घालून असतात.)

माझं मत दुसऱ्या वाटेला. छोट्या सर्व्हरला आयपीव्ही६ वरून पाठवून मिळत काही नाही, आणि सांभाळायचा नावलौकिक मात्र एकाऐवजी दोन पत्त्यांचा होतो.

दूरदेशी

जर्मनीतून लिहितोय. आमच्या कुटुंबाचा सर्व्हर बरीच वर्षं चालवतो आहे, म्हणून कोकणकडा यांच्या मुद्द्यावर थोडं लिहावंसं वाटलं. पत्र घेणं आणि पत्र पाठवणं ही दोन वेगळी कामं आहेत. घेणं आणि साठवणं सोपं, त्यात कोणाची मर्जी राखावी लागत नाही. त्रास आहे तो पाठवण्यात, कारण तिथे समोरचा सर्व्हर तुमच्या आयपीवर विश्वास ठेवतो की नाही यावर सगळं ठरतं. शेजारच्यांमुळे पट्टा बदनाम होत असेल तर पोस्टफिक्समध्ये 'रिलेहोस्ट' लावून फक्त बाहेर जाणारी पत्रं एखाद्या पाठवणाऱ्या सेवेतून सोडता येतात. पेट्या आणि साठा तुमच्याच यंत्रावर राहतो. त्या सेवेचा एसपीएफ आपल्या एसपीएफमध्ये घालायचा. मात्र एसपीएफचा रेकॉर्ड एकच असावा. एकाच नावावर दोन रेकॉर्ड झाले तर तपासणी चुकीत निघते आणि दोन्ही वाया जातात. डीएनएसच्या फेऱ्याही दहापेक्षा जास्त होऊ द्यायच्या नाहीत.

नेटकी

दुसऱ्या अडचणीबद्दल विचारते. परिपत्रक कशातून जातं? आणि त्याच्या विषयाची ओळ मराठीत असते का?

पुस्तकखण

हो, विषय मराठीतच असतो. वाचनालयाच्या वेबसाइटवर एक पीएचपी स्क्रिप्ट आहे, ती क्रॉनमधून (ठरल्या वेळी आपोआप) चालते आणि मेल हे फंक्शन वापरते. एका महिन्यात विषय इंग्रजीत होता तेव्हा त्या कार्यालयाला परिपत्रक पोचलं होतं, हे आत्ता तुम्ही विचारल्यावर लक्षात आलं. लॉगमध्ये त्या कार्यालयापुढे डीएसएन ५.६.७ आहे आणि लिहिलंय, 'एसएमटीपीयूटीएफ८ इज रिक्वायर्ड, बट वॉज नॉट ऑफर्ड बाय होस्ट'.

अजून एक. परिपत्रकात मधेच एखादं अक्षर तुटतं आणि तिथे काळ्या चौकटीत प्रश्नचिन्ह दिसतं. दर वेळी वेगळ्या ठिकाणी. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

नेटकी

संबंध आहे, दोन्हींचं मूळ जवळपास एकच आहे. जरा सविस्तर लिहिते, कारण मराठीत पत्रं पाठवणाऱ्या प्रत्येकाला हे कधी ना कधी भेटतं.

इमेलचा मथळा, म्हणजे विषय, पाठवणाऱ्याचं नाव वगैरे, मूळ नियमांत फक्त साध्या रोमन अक्षरांत असायचा. १९८२ साली एसएमटीपीचा (सर्व्हरनं सर्व्हरला पत्र देण्याच्या पद्धतीचा) नियम आला तेव्हा दुसरा विचारच नव्हता. नंतर माइम आलं. त्यात मराठी विषय बेस६४ करून रोमन अक्षरांच्या माळेत गुंडाळतात आणि वाचणाऱ्याचा प्रोग्राम ती माळ सोडवून मराठी दाखवतो. थंडरबर्ड हे आपोआप करतो, म्हणून तुमचं हातानं पाठवलेलं पत्र कुठेही अडत नाही.

पीएचपीचं मेल फंक्शन हे करत नाही. तुम्ही दिलेला विषय ते कच्च्या यूटीएफ-८ मध्ये जसाच्या तसा सेंडमेल या पत्र पाठवणाऱ्या कमांडच्या हाती देतं. पोस्टफिक्स ३.० पासून एसएमटीपीयूटीएफ८ (मथळ्यात कच्ची यूटीएफ-८ अक्षरं चालू देणारी एसएमटीपीची भर) समजतो. सेंडमेलमार्गे आलेल्या पत्राच्या मथळ्यात कच्ची देवनागरी दिसली की तो खूण करतो, या पत्राला एसएमटीपीयूटीएफ८ लागणार. मग समोरचा सर्व्हर ते समजत असेल तर पत्र जातं. जीमेल २०१४ पासून समजतं, त्यामुळे तिथे काहीच जाणवलं नाही. कार्यालयाचा आणि शाळांचा सर्व्हर समजत नाही, म्हणून पोस्टफिक्स तिथे पत्र देतच नाही, स्वतःच परत करतो. कार्यालयानं तुमचं पत्र नाकारलेलं नाही, त्यांच्यापर्यंत ते गेलेलंच नाही.

काही जण एसएमटीपीयूटीएफ८ बंद करायला सांगतील. करू नका. बाउन्स थांबेल, पण कच्चा मथळा पुढे जाईल आणि कुणाकुणाला विषयाच्या जागी खिचडी दिसेल. स्क्रिप्टच दुरुस्त करा. विषय आणि 'वाचनालय' हे पाठवणाऱ्याचं नाव, दोन्ही 'एमबी एन्कोड माइमहेडर' या फंक्शनमधून काढा. किंवा सरळ पीएचपीमेलर हे तयार साधन वापरा, ते हे सगळं स्वतः सांभाळतं.

आता तुटलेलं अक्षर. इमेलच्या एका ओळीत ९९८ बाइटपेक्षा जास्त काही नसावं असा नियम आहे. इंग्रजीत ९९८ बाइट म्हणजे ९९८ अक्षरं, कोणाला अडचण येत नाही. देवनागरीत प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात, आणि काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हं आहेत. 'ग्रंथालय' घ्या: ग, हलन्त, र, अनुस्वार, थ, काना, ल, य. आठ चिन्हं, २४ बाइट. या हिशेबानं सव्वातीनशे-साडेतीनशे चिन्हांचा परिच्छेद एंटर न मारता लिहिला की ओळ ९९८ च्या पुढे जाते. तुमच्या परिपत्रकात असे परिच्छेद भरपूर असणार. पोस्टफिक्स ती ओळ ९९८ बाइटवर तोडतो आणि पुढे जागा घालून नवी ओळ करतो. तोड नेमकी एखाद्या चिन्हाच्या तीन बाइटांच्या मधे आली तर ते अक्षर फुटतं. मजकूर दर महिन्याला बदलतो, म्हणून जागाही बदलते.

आणि याहून मोठं नुकसान डोळ्याला दिसत नाही. डीकिमची सही आरस्पॅमडीनं आधी केलेली असते, ओळ तुटते नंतर. म्हणजे मजकूर सहीनंतर बदलला. समोर सही खोटी ठरते. जीमेलमध्ये एखादं परिपत्रक उघडून 'शो ओरिजिनल' बघा, डीकिमपुढे फेल दिसेल अशी माझी खात्री आहे. उपाय सोपा आहे: मजकुरालाही बेस६४ एन्कोडिंग द्या. मग सगळ्या ओळी आखूड होतात आणि वाटेत कोणालाच त्यांना हात लावावा लागत नाही.

पुस्तकखण

नेटकीताई, डीकिमपुढे खरंच फेल आहे! आणि माझ्या हातच्या पत्रांना पास. मी डीएनएसमधला रेकॉर्ड पुनःपुन्हा तपासत होतो.

स्क्रिप्टमध्ये पीएचपीमेलर घालतो आणि कळवतो.

रात्रपाळी

नेटकी यांचा प्रतिसाद वाचनखूण म्हणून साठवला. ओळीच्या लांबीचा मुद्दा मराठीत एवढा स्पष्ट लिहिलेला मी तरी पाहिला नव्हता.

तिठा

धागा हायजॅक करत नाही, पण याच जातीचा एक प्रश्न आहे. आमच्या सर्व्हरवर अचानक बाहेरून येणारं प्रत्येक पत्र नाकारलं जाऊ लागलंय. जीमेल, याहू, बँका, सगळे. लॉगमध्ये कारण म्हणून स्पॅमहाउसचं (स्पॅमवाल्या आयपींच्या काळ्या याद्या ठेवणारी संस्था) नाव येतं. सगळं जग एका दिवसात काळ्या यादीत कसं जाईल?

रात्रपाळी

जग जिथल्या तिथे आहे. रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ या फाइलमध्ये ८.८.८.८ किंवा १.१.१.१ (सगळ्यांसाठी खुले सार्वजनिक डीएनएस) आहे का बघा. स्पॅमहाउसची फुकट यादी सार्वजनिक डीएनएसमधून विचारलेली चालत नाही. तसं विचारलं तर ते १२७.२५५.२५५.२५४ असं खास उत्तर देतात, म्हणजे 'तुमचा प्रश्न आम्ही घेत नाही'. पण पोस्टफिक्सच्या 'रिजेक्ट आरबीएल क्लायंट' (यादीतल्यांना नाकारा) या सेटिंगपुढे नुसतं यादीचं नाव लिहिलेलं असेल तर पोस्टफिक्स कुठल्याही उत्तराचा अर्थ 'हा आयपी यादीत आहे' असाच घेतो. परिणाम तुमच्यासमोर आहे.

आत्ता लगेच ती ओळ बंद करा, म्हणजे पत्रं यायला लागतील. मग त्याच यंत्रावर अनबाउंड (स्वतःचा डीएनएस सर्व्हर) बसवा आणि १२७.०.०.१ ला प्रश्न विचारू द्या. नंतर ओळ परत घालताना यादीच्या नावापुढे बरोबरच्या चिन्हानं १२७.०.०.[२..११] एवढीच उत्तरं मोजायची अशी अट घाला. डेबियन १२ मध्ये पोस्टफिक्सचे बरेच भाग क्रूटमध्ये (बाकी यंत्रापासून वेगळ्या, बंदिस्त फोल्डरमध्ये) चालतात आणि रिझॉल्व्ह डॉट कॉन्फची वेगळी प्रत वापरतात. ती प्रत सुरू होताना घेतली जाते. डीएनएस बदलल्यावर पोस्टफिक्स रीस्टार्ट केला नाही तर तो जुन्यालाच विचारत राहतो, आणि इथे माणसं तासन् तास अडकलेली मी बघितली आहेत.

तिठा

८.८.८.८ च होता. ओळ बंद केली, पत्रं यायला लागली. अनबाउंड संध्याकाळी बसवतो. फार आभार.

पायवाट

घरी रास्पबेरी पाय (छोटा संगणक) पडून आहे आणि फायबरचं कनेक्शन आहे. त्यावर हे सगळं चालेल का?

दूरदेशी

शिकायला चालेल, गावाशी पत्रव्यवहार करायला नाही. घरच्या कनेक्शनवर बहुतेक कंपन्या पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना पत्रं देतात ते दार) बंद ठेवतात, आयपी बदलता असतो किंवा सीजीनॅटच्या (अनेक घरांना मिळून एकच आयपी) मागे असतो, पीटीआर तुमच्या हातात नसतो. शिवाय घरगुती आयपींचे पट्टे स्पॅमहाउसच्या पीबीएल यादीत मुळातच असतात. त्यात तुमचा काही दोष नाही, ती यादी आहेच त्यासाठी. पायवर डवकॉट चालवून जुनी पत्रं साठवायला मात्र उत्तम.

आता डवकॉटचं नाव निघालंच आहे तर पुस्तकखण यांना एक सूचना. डेबियन १३ वर जाण्याची घाई करू नका. त्यात डवकॉट २.४ आहे आणि त्याची कॉन्फिगरेशनची मांडणी २.३ पेक्षा वेगळी आहे. जुन्या फाइलींवर तो सुरूच होत नाही. आधी दुसऱ्या यंत्रावर नव्या फाइली लिहून चालवून बघा, मगच मूळ सर्व्हरला हात लावा.

आणि सर्टिफिकेट (सुरक्षित जोडणीसाठी सर्व्हरची ओळख पटवणारा दाखला). लेट्स एन्क्रिप्टचं ९० दिवसांचं असतं, सर्टबॉट हा प्रोग्राम ते नवं आणतो, पण डवकॉटला रीलोड केल्याशिवाय तो जुनंच दाखवत राहतो. पोस्टफिक्सच्या प्रक्रिया थोड्या वेळानं मरून नव्या होतात, म्हणून त्याला नवं आपोआप मिळतं आणि पाठवणं चालू असतं. फोनवर पेटी मात्र उघडत नाही. सर्टबॉटच्या डिप्लॉय हुकमध्ये (नवं सर्टिफिकेट आल्यावर चालवायच्या आज्ञा) दोघांचंही रीलोड लिहून ठेवा. मुदत संपत आल्याची सूचनापत्रं लेट्स एन्क्रिप्टनं जून २०२५ पासून बंद केली आहेत, तेव्हा तारखेवर आपणच लक्ष ठेवायचं.

पुस्तकखण

कळवायला थोडा उशीर झाला. आयपीव्ही६ बंद केल्यापासून ५.७.२५ एकदाही आलेला नाही. पीएचपीमेलरमधून गेलेलं परिपत्रक कार्यालयाला आणि तिन्ही शाळांना पोचलं. एका मुख्याध्यापकांनी फोन करून सांगितलं की बालविभागाच्या सुट्टीतल्या उपक्रमाची माहिती त्यांना पहिल्यांदाच वेळेवर मिळाली. अक्षरं शाबूत, डीकिम पास.

आता नवीनच. सगळ्या सभासदांना परिपत्रक एकदम सोडलं तेव्हा जीमेलची निम्मी पत्रं रांगेत अडकली. डीएसएन ४.७.२८, स्टेटस डिफर्ड. पोस्टक्यू ही कमांड देऊन रांग परत परत ढकलू का?

रात्रपाळी

अजिबात नको. चारनं सुरू होणारा आकडा म्हणजे 'आत्ता नको, नंतर ये'. पाचनं सुरू होणारा म्हणजे कायमचा नकार. ४.७.२८ मध्ये जीमेल सांगतंय की या आयपीवरून एकदम जास्त येतंय. तुमचा आयपी नवा आहे, त्याची ओळख अजून व्हायची आहे. तुम्ही रांग ढकलत राहिलात तर तीच तक्रार वाढते. पोस्टफिक्स स्वतः अंतर वाढवत वाढवत पुन्हा प्रयत्न करतो आणि ५ दिवस सोडत नाही. बहुतेक पत्रं एक-दोन दिवसांत जातील.

पुढच्या वेळेसाठी मास्टर डॉट सीएफमध्ये जीमेलकरता वेगळा ट्रान्सपोर्ट (पाठवण्याची वेगळी वाट) करा आणि त्याला 'डेस्टिनेशन रेट डिले' (दोन पत्रांमधलं अंतर) काही सेकंदांचा द्या. परिपत्रक पोचायला तासभर लागला तरी कोणाचं अडत नाही. तोवर पहिले काही महिने सभासदांचे गट पाडून पाठवा. फेब्रुवारी २०२४ पासूनचे जीमेलचे कडक नियम दिवसाला ५,००० च्या आसपास किंवा त्याहून जास्त पत्रं पाठवणाऱ्यांसाठी आहेत, तुम्ही त्यात येत नाही. तरी परिपत्रकाच्या मथळ्यात नाव कमी करण्याचा दुवा घाला. ज्याला परिपत्रक नको आहे त्याला दुवा सापडला नाही तर तो 'स्पॅम'चं बटण दाबतो, आणि त्याची किंमत बाकीच्या सभासदांच्या पत्रांना मोजावी लागते.

कोकणकडा

धागा पूर्ण वाचला. संस्थेचं दप्तर संस्थेकडे राहावं हा मुद्दा मी आधी नीट लक्षात घेतला नव्हता, तो पटला. एक शंका. आमच्या भागात देखभालीसाठी शनिवारी दिवसभर वीज जाते. तुमचा व्हीपीएस डेटासेंटरमध्ये आहे हे ठीक, पण तो बंद पडला आणि तुम्ही गावाला गेलेले असलात तर? दुसरा, राखीव एमएक्स ठेवला आहे का?

पुस्तकखण

नाही ठेवलेला. ठेवावा का, हे मलाही विचारायचं होतं.

रात्रपाळी

ठेवू नका. तुमचा सर्व्हर बंद असेल तर पाठवणाऱ्याचा सर्व्हर पत्र स्वतःच्या रांगेत धरून ठेवतो आणि परत परत येतो. एसएमटीपीच्या नियमातच चार-पाच दिवस तरी प्रयत्न करत राहा असं सांगितलंय. दोन दिवस सर्व्हर बंद राहिला तर पत्रं उशिरा येतात, हरवत नाहीत. राखीव एमएक्सवर स्पॅमची गाळणी बहुतेकदा ढिली असते, म्हणून स्पॅम पाठवणारे मुद्दाम तिथूनच शिरतात. ते पैसे आणि तो वेळ पेट्यांच्या बॅकअपवर घाला. रोज रात्री दुसऱ्या शहरातल्या जागेवर प्रत जाऊ द्या, आणि महिन्यातून एकदा त्यातून एखादी पेटी खरंच परत उभी करून बघा. ग्रंथपालांची पेटी आधी घ्या, त्यांच्याकडे सगळ्यात जास्त पत्रं असतील.